काळ्या मातीत सोनं का सापडत नाही?

२०२५ मध्ये सोन्याने तोळ्यामागे एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला. भाव चढले की ‘शेतात सोनं आहे’ अशा वावड्या उठतात आणि त्यावर पैसे उकळणारेही भेटतात. पूर्णा तालुक्यातील ताडकळसच्या काळ्या शिवारापुरतं याचं उत्तर सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वीच ठरलं आहे.

तेव्हा पृथ्वी बरीचशी वितळलेली होती. जड लोहाचा रस खाली उतरला आणि त्याचा गाभा झाला. हलका सिलिकेटचा रस वर राहिला. या दोन रसांत प्रत्येक मूलद्रव्याची वाटणी झाली. रश्शावर तर्री आली की मिरचीचा लाल रंग तेलात जातो, मीठ मात्र पाण्यातच राहतं. तसंच सोनं, प्लॅटिनम, इरिडियम लोहाबरोबर गेलं. कॅल्शियम, ॲल्युमिनियम खडकात राहिलं. वाटणीचं प्रमाण दाब, तापमान आणि ऑक्सिजननुसार बदलतं. त्यामुळे खडकात उरलेल्या निकेल-कोबाल्टवरून तो रस किती खोल होता, याचा अंदाज बांधता येतो.

परिणामी पृथ्वीचं ९९ टक्क्यांहून अधिक सोनं सुमारे २,९०० किलोमीटरच्या खाली आहे. आपल्या दागिन्यांतलं बरंचसं सोनं नंतर आदळलेल्या उल्कांनी आणलं, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. मे २०२५ मध्ये जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठाच्या संशोधकांनी यात भर घातली. हवाई बेटांच्या लाव्हात त्यांना रुथेनियम या धातूच्या समस्थानिकांचं वेगळं प्रमाण आढळलं. त्याचा अर्थ, गाभ्यातला काही अंश वर झिरपतो. मात्र तो इतका अल्प, की त्यातून खाण होत नाही.

मराठवाड्याचा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. अशा बेसाल्टच्या एका टनात सोनं असतं ते जेमतेम काही मिलिग्रॅम. रायचूर जिल्ह्यातील हट्टीची खाण आहे ती त्याहून कितीतरी जुन्या खडकांत. तिथे गरम पाण्याने सोनं भेगांत गोळा केलं.

लोहाचं मात्र उलट आहे. बहुतेक लोह गाभ्यात गेलं, तरी या मातीत ते भरपूर उरलं. पण चुनखडीच्या जमिनीत ते पिकाला मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात. तेव्हा सोनं शोधून देणाऱ्याच्या हाती पैसे देण्यापेक्षा मातीचा नमुना तपासून घ्यावा. शिवारातली खरी कमाई तिथेच आहे.