रोवून, रोवताना, रोवताच
विदर्भातल्या अर्जुनी मोरगावकडच्या बांधीत भाताचा रोवणा, म्हणजे लावणी, चालू असताना धुऱ्यावर थांबून नुसतं ऐकलं, तरी मराठी क्रियापदाची श्रीमंती कळते. धातू एकच, 'रोव': रोवून झालं, रोवताना पाय रुतला, रोवताच सर आली, न रोवताच बाया परतल्या. या रूपांना ना लिंग, ना वचन; म्हणूनच ती धातुसाधित अव्ययं. स्वतःची भाषा रचणाऱ्यांनी इथे जरूर रेंगाळावं. झामेनहॉफने १८८७ साली एस्पेरांतो ही अशीच रचलेली भाषा जगापुढे ठेवली. तिच्यात यासाठी तीन प्रत्यय आहेत: 'आंते' करत असताना, 'इंते' करून झाल्यावर, 'ओंते' करण्याच्या बेतात असताना. काळाचा हिशेब चोख. आणि तिच्या या रूपांसारखंच आपलं 'ऊन'ही कर्त्याकडे बघतं. 'मी जेवताना तो निघाला' आपण सहज म्हणतो, 'मी जेवून तो निघाला' कुणाच्या तोंडी येत नाही, कारण 'ऊन'ला सहसा दोन्ही क्रियांचा कर्ता एकच लागतो. पण मग 'पाऊस पडून बांध्या भरल्या' कसं चालतं? पडला पाऊस, भरल्या बांध्या. कर्ते दोन, तरी कान अडखळत नाही. पहिली क्रिया दुसरीचं कारण झाली की 'ऊन' ती अट सैल करतं. मला हा अपवाद नियमाहून मोलाचा वाटतो. कुणी ठरवून केलेला नाही तो, बोलता बोलता घडला आहे. विदर्भातली जुनी माणसं तर पाहुण्याला 'जेवूनशान जा' म्हणतात. त्या 'शान'ने क्रियेचा क्रम तसाच राहतो, आग्रह तेवढा वाढल्यासारखा वाटतो.