कानाने टायमिंग नको, टेस्टरवर नोझल तपासा

रोवणीच्या दिवसांत बांधीत चिखलणी करताना ट्रॅक्टर काळा धूर सोडतो, ताकद देत नाही. मिस्त्री येतो, कान लावून ऐकतो, पंपाचं सील तोडून डिझेल वाढवतो. म्हणतो, "पहा आता, कसा पळते!" याला मी दुरुस्ती म्हणत नाही. ही आपल्या खिशाला कात्री आहे.

काळा धूर म्हणजे डिझेल पुरतं जळत नाही. मग आणखी डिझेल देऊन काय होणार? आधी एअर फिल्टर साफ करा. मग नोझल टेस्टरवर लावा. फवारा धुक्यासारखा बारीक पाहिजे, टोकाला थेंब नको. दाब कंपनीच्या पुस्तकातलाच हवा. कमी भरला तर स्प्रिंगला शिम देऊन वाढवतात. फवाऱ्यापुढे हात धरू नका, डिझेल कातडीत घुसते.

टायमिंग शेवटी. लवकर झालं तर इंजिन ठोकते. उशिरा झालं तर तापते, गरम झाल्यावरही पांढरा धूर देते. टायमिंग खुणेवर जुळवतात, अंदाजावर नाही.

"ऐन रोवणीत टेस्टिंगला गोंदियाला कोण जाईल?" बरोबर. म्हणूनच पऱ्हे टाकायच्या आधी जा. अन् पैसे देताना विचारा, नोझल किती दाबावर उघडलं? आकडा बिलावर लिहून घ्या.