आधी शहानिशा, मग फॉरवर्ड

२०२० साली तबलीगी जमातीविरुद्ध वाहिन्यांवर चाललेला अपप्रचार आपण विसरलेलो नाही. २१ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २९ परदेशी जमातींवरील गुन्हे रद्द केले, माध्यमांवर ताशेरे ओढले. तोवर झालेली बदनामी मात्र निकालाने पुसली नाही.

आणि आपण? सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातील लवंगा गावात, मुले पळवणारे समजून चार साधूंना मारहाण झाली. त्या दिवसांत आम्ही आटपाडीकरांनीही तसले मेसेज पुढे ढकलले होते. आम्हा शिक्षकांनीसुद्धा!

सूरह हुजुरातमध्ये बातमीची शहानिशा करण्याचा हुकूम आहे. तो वाहिन्यांना ऐकवण्याआधी आपल्या घरच्या ग्रुपवर पाळू या. चुकीचे पाठवले असेल, तर तिथेच कबूलही करू या.