चिंता, भीती आणि गोळी

मराठी समीक्षेला ‘चिंता’ फार प्रिय आहे. किर्केगॉर्डने १८४४ साली तिच्यावर ग्रंथ लिहिला. पुढे अस्तित्ववादाच्या झोळीतून ती आपल्याकडे आली आणि जागृत जाणिवेचे लक्षण ठरली. या गौरवाला आमचा आक्षेप आहे, कारण त्याची किंमत वर्गातला विद्यार्थी मोजतो.

कल्याणहून सकाळच्या जलद गाडीने निघालेल्या मुलाचे काळीज एकाएकी धडधडू लागते, श्वास अपुरा पडतो, आता आपण मरणार अशी खात्री पटते. काही मिनिटांत सारे ओसरते. हृदयाचा आलेख निर्दोष निघतो. असे पुन्हापुन्हा होऊ लागले की तो आधी गाडी टाळतो, मग महाविद्यालय. याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. ही व्याधी आहे आणि तिच्यावर औषध आहे.

‘गोळ्या माणसाला सुन्न करतात, प्रतिभा मारतात’, हे साहित्यवर्तुळातले ठरलेले उत्तर. आम्ही विचारतो, कोणत्या गोळ्या? अल्प्राझोलाम चटकन शांतवते, गुंगी आणते, सवयही लावते. म्हणूनच २०१३च्या अधिसूचनेने ते एच-१ यादीत घातले गेले. सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम यांची जात निराळी. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आरंभी अस्वस्थता वाढूही शकते, आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू थांबवायची असतात. लक्षणा आणि व्यंजना यांतला भेद परीक्षेत विचारणाऱ्यांना एवढा भेद जड जाऊ नये!

अर्थात गोळी सर्वसमर्थ नाही. डोनाल्ड क्लाइन या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने १९६०च्या दशकात इमिप्रामीन देऊन पाहिले, तेव्हा झटके थांबले. झटका येईल ही धास्ती मात्र उरली. तिच्यासाठी वर्तनोपचार लागतो, टाळलेल्या गाडीत टप्प्याटप्प्याने पुन्हा चढावे लागते. पण झटके चालू असताना त्या गाडीत चढणार कोण?

ठाण्यात १९०१पासून मनोरुग्णालय आहे. मराठी विनोदाने त्याचा उपयोग ‘ठाण्याला पाठवा’ एवढ्या कोटीपुरता केला. त्याच शहरात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ उभारली, तरी कोटी काही जुनी झाली नाही. २०१०ला ठाण्यात, २०१७ला डोंबिवलीत साहित्य संमेलनेही होऊन गेली. असो.

दुखणे गर्दीचे, मग औषध व्यक्तीला का, असाही एक पुरोगामी युक्तिवाद असतो. गाड्या वाढाव्यात म्हणून जरूर भांडावे, आम्हीही भांडू. पण तोवर विद्यार्थ्याने गोळीवाचून राहावे असे सांगणारे प्राध्यापक स्वतःची रक्तदाबाची गोळी मात्र चुकवत नाहीत.