वाक्यातील समता

विद्यालयाच्या स्मरणिकेत इंग्रजी व्याकरणाविषयी लिहिणे काहींना अप्रासंगिक वाटेल. परंतु येथून शिकून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींच्या वाटेतील एक अडथळा नेमका तेथेच आहे, असे माझे मत आहे.

गतवर्षी एक माजी विद्यार्थी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतील नोकरीसाठी लिहिलेला अर्ज दाखविण्यास आला. आधीच्या कामाविषयी त्याने लिहिले होते : ‘माय ड्यूटीज वेअर चेकिंग द स्टॉक, टू मेन्टेन रेकॉर्ड्स अँड मशीन क्लीनिंग.’ “सर, माझे इंग्रजीच कच्चे,” असे म्हणून त्याने मान खाली घातली. वस्तुतः त्याचे शब्द योग्य होते, काळही योग्य होता. उणीव एकाच नियमाची होती : एका मालिकेत येणाऱ्या समान दर्जाच्या गोष्टींना समान रूप द्यावे. ‘चेकिंग द स्टॉक, मेन्टेनिंग रेकॉर्ड्स अँड क्लीनिंग मशीन्स’ असे लिहिताच वाक्य सरळ झाले. यासच इंग्रजीत ‘पॅरलल स्ट्रक्चर’, म्हणजे समांतर रचना, म्हणतात.

हा नियम आपल्या मुलांना परका नाही. ‘मला वाचायला, पोहणे आणि चित्रकला आवडते’ असे मराठी मूल सहसा म्हणत नाही. ‘वाचायला, पोहायला आणि चित्रे काढायला’ हेच त्याच्या तोंडी येते. वसतिगृहातील रोजच्या वंदनेत त्रिसरण म्हणताना बुद्ध, धम्म, संघ हे शब्द बदलतात, क्रियापद तेच राहते. पंचशीलाच्या पाचही वाक्यांचा शेवट एकच आहे. म्हणूनच लहान मूलही ते लवकर पाठ करते. कान तयार आहे. त्यास इंग्रजीची ओळख करून देणे हे आम्हा शिक्षकांचे काम आहे.

त्यासाठी उत्तम पाठ आपल्या पाठ्यपुस्तकांच्या आरंभीच छापलेला असतो. संविधानाची उद्देशिका हे संपूर्ण एकच वाक्य आहे. त्याच्या इंग्रजी पाठात संकल्पाची तीन क्रियापदे एका रूपात येतात : ‘टू कॉन्स्टिट्यूट’, ‘टू सिक्युअर’, ‘टू प्रमोट’. ‘सिक्युअर’खाली न्याय, स्वातंत्र्य व समता ही तीन नामे ओळीने येतात, बंधुता मात्र ‘प्रमोट’खाली आहे. १३ डिसेंबर १९४६ रोजी पंडित नेहरूंनी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात बंधुता हा शब्द नव्हता, डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष असलेल्या मसुदा समितीने तो घातला. पहिली तीन मूल्ये नागरिकांना प्राप्त करून द्यायची आहेत, तर बंधुता त्यांच्यामध्ये वाढवायची आहे. ती कोणास आणून देता येत नाही, असा अर्थ मी या रचनेतून घेतो. रचना उमगली की विचारही उमगतो, तो असा.

यावर एक आक्षेप येईल. शुद्धतेच्या नावाखाली ज्यांना शतकानुशतके हिणविले गेले, त्यांच्याच मुलांवर पुन्हा शुद्धतेचे ओझे कशासाठी? आक्षेप रास्त आहे. व्याकरणावरून माणसाची योग्यता ठरत नाही. परंतु अर्ज वाचणारा अधिकारी आपल्या मुलास ओळखत नसतो. त्याच्यासमोर केवळ त्याचे वाक्य असते. ते डळमळीत असल्यास मुलाचे कष्ट त्याला दिसत नाहीत. शिवाय नियम न शिकविता ‘चुकले’ एवढेच सांगणे हीच खरी अवहेलना आहे.

पालक पोटाला चिमटा घेऊन ‘स्पोकन इंग्लिश’च्या वर्गांची फी भरतात. तेथे तयार वाक्ये पाठ करून घेतली, तर स्वतःचे वाक्य रचण्याचे बळ येणार नाही. म्हणून माझी सूचना अशी : आठवीपासून आठवड्याची एक तासिका केवळ वाक्यरचनेसाठी असावी आणि तिचा आरंभ उद्देशिकेने व्हावा. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येथे नोकरी-व्यवसायात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातील एक रविवार दहावी झालेल्या मुलांचे अर्ज त्यांच्यासोबत वाचण्यास द्यावा. तो मुलगा मान खाली घालून आला होता. वाक्य स्वतः दुरुस्त करून मान वर करून गेला. पुढच्या मुलाला मान खाली घालण्याची वेळच येऊ नये.