छत्रीबागेत छत्र्या मिळतात का?

मंडळी, परवा पुण्याहून आलेल्या भाच्याने विचारलं, "मामा, छत्रीबागेत छत्र्या मिळतात का?" सगळे हसले. मी मात्र गप्प झालो. लहानपणी मीही तिथे लपाछपी खेळलो, पण छत्री कुणाची हे कधी विचारलं नव्हतं.

रविवारी त्याला घेऊन गेलो. ही छत्री म्हणजे गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ बांधलेली दगडी वास्तू. इथल्या छत्र्या होळकर घराण्याच्या. होळकर येण्याआधी इंदूर हे कंपेल परगण्यातलं गाव होतं. तिथल्या जमीनदारांचा वाडा, बडा रावला, जुनी इंदूरमध्ये आहे. पुढे मल्हारराव होळकरांकडे माळव्याचा कारभार आला. १७६६ मध्ये ते आलमपूरला वारले. अहिल्याबाईंनी राज्य महेश्वरहून चालवलं. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर राजधानी इंदूरला आली आणि गावाचं शहर होत गेलं. राजवाडा १८०१ मध्ये जळला, पुन्हा उभा राहिला. १९८४ मध्ये पुन्हा आग लागली.

भाचा सगळं ऐकून म्हणाला, "राजांचं कळलं. आपण इथे कधी आलो?"

मला उत्तर देता आलं नाही. राजांच्या छत्र्या आहेत, आपल्या आजोबा-पणजोबांच्या कुठे आहेत? त्यांच्या आठवणी फक्त आईपाशी आहेत आणि आई आता ८४ वर्षांची आहे.

त्या संध्याकाळी दोघं वही घेऊन तिच्याजवळ बसलो. चार पानं भरली. तुमच्या घरीही अशी वही निघू द्या, लवकर.