अवॉर्ड म्हणजे बक्षीस नव्हे

"इंग्रजी शब्द अडला तर डिक्शनरी उघडू नका, संदर्भावरून अर्थ ओळखा." हा सल्ला मी शाळेत ऐकला, इंजिनिअरिंगला ऐकला, आता रील्समध्ये रोज ऐकतो. तो देणाऱ्यांनी एकदा आमच्या घरी, मुळशीत, यायला हवं होतं.

मी दहावीत होतो. आमची थोडी जमीन एका प्रकल्पात गेली होती. त्याबद्दल वकिलांचं इंग्रजी पत्र आलं. घरात इंग्रजी वाचणारा मी एकटाच. पत्रात होतं की अमुक तारखेला 'अवॉर्ड' जाहीर झाला आणि पैसे 'विदाउट प्रोटेस्ट' स्वीकारले गेले. अवॉर्ड मला टीव्हीवरून माहीत होता. प्रोटेस्ट म्हणजे मोर्चा. मी संदर्भ लावला आणि ऐटीत सांगितलं, "आबा, आपल्याला बक्षीस मिळालंय, आणि आपण ते भांडण न करता घेतलंय."

आबा म्हणाले, "जमीन आपली गेली, मग बक्षीस कशाचं?"

माझा अर्थ वाक्यात चपखल बसत होता. तरी तो चुकलाय हे घरात एकाच माणसाला कळलं, आणि त्याला एबीसीडीही येत नव्हती.

तेव्हा लागू असलेल्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यात अवॉर्ड म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांचा मोबदल्याचा निवाडा. तो कमी वाटला तरी पैसे घेता येत, पण 'अंडर प्रोटेस्ट', म्हणजे हरकत नोंदवून. हरकत न नोंदवता घेतले, तर वाढीव मोबदल्यासाठी प्रकरण कोर्टाकडे पाठवा अशी मागणीच करता येत नसे. प्रोटेस्ट म्हटल्यावर मुळशीकराला १९२१ चा सत्याग्रह आठवणार, सेनापती बापट आठवणार, टाटांचं धरण आठवणार. कायद्याला मात्र पावतीवर दोन शब्द हवे होते. आबांनी पैसे घेतले तेव्हा ते त्यांना कुणी सांगितले नाहीत.

संदर्भातून शब्द शिकता येत नाहीत असं मी म्हणत नाही. 'डेप्रिकेटेड' हा शब्द मी कधीच डिक्शनरीत पाहिला नाही. कोड चालवला की तोच इशारा पुन्हा पुन्हा यायचा. पुढे नव्या व्हर्जनमध्ये ते फंक्शनच गायब झालं. शब्द डोक्यात पक्का बसला. पण तिथं मी दिवसातून वीसदा चुकू शकत होतो आणि मशीन प्रत्येक वेळी मला सांगत होतं. निवाड्याची पावती एकदाच सही करायला समोर येते.

मार्सेला हू आणि पॉल नेशन यांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. गोष्ट कुणाच्या मदतीशिवाय नीट समजायची, तर तिच्यातले सुमारे ९८ टक्के शब्द आधीच माहीत असावे लागतात, असं त्यात दिसलं. म्हणजे पन्नास शब्दांत अनोळखी एकच. ज्या घरात इंग्रजी पेपर येतो तिथल्या पोरांना हे परवडतं. आमच्याकडे पहिल्याच ओळीत चार शब्द अडतात आणि वर सल्ला मिळतो, अंदाज लाव. शिवाय अडलेला शब्द निदान दिसतो तरी. 'अवॉर्ड' मला अडलाच नव्हता.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. मी त्याच सुरुवातीच्या बॅचमधला. दहा वर्षांत मी पिकनिकवर निबंध लिहिले, प्राचार्यांना रजेचे अर्ज लिहिले. हिंजवडी आयटी पार्क आमच्याच तालुक्यात, पण नोकरीचा करार, कर्जाचा फॉर्म किंवा कोर्टाची नोटीस एकाही इंग्रजीच्या तासाला पाहिली नाही. नववी-दहावीला हे कागद वर्गात आणा. एकेक शब्द मराठीत फोडून सांगा, सही केल्यावर काय होतं तेही सांगा. आणि 'डिक्शनरी उघडू नका' हे आधी बंद करा. वकीलसुद्धा उघडतात, त्यांच्यासाठी तर कायद्याचे वेगळे कोश छापतात.

परवा चुलत बहिणीनं फ्लॅटच्या कराराचा फोटो पाठवला. ती बीकॉम आहे, इंग्रजी माझ्यापेक्षा फाडफाड बोलते.

"दादा, यात 'कन्सिडरेशन' म्हणजे विचार करूनच ना?"

"नाही. म्हणजे फ्लॅटची किंमत. तू द्यायचे ते पैसे. सही केलीस का?"

"उद्या आहे."

"मग सगळी पानं पाठव."